सतरा नंबरचे दोन

४ मार्च

निवृत्त झाल्यापासून मुलगा दरवर्षी एक डायरी पाठवतो आणि दरवर्षी ती वाणसामानाच्या याद्यांत संपते. यंदा लिहायला काहीतरी आहे.

तंत्रशाळेतल्या वर्कशॉपच्या बाई आज घरी आल्या. पस्तिशीच्या असतील, नखांत ग्रीस. आमचा मीटर दुरुस्तीचा कारखाना सात वर्षांपूर्वी बंद पडला तेव्हा तिथली जुनी हत्यारं तीन पेट्यांत भरून शाळेला दिली होती. शाळेला पन्नास वर्षं होताहेत, म्हणून आता त्यांचं प्रदर्शन मांडायचंय. पण कुठलं हत्यार काय, कधीचं, कशासाठी, हे सांगणारा कोणी नाही. "ज्याला विचारावं तो तुमचंच नाव घेतो, काका," त्या म्हणाल्या. "म्हणे, स्टोअर डोळे मिटून हत्यार ओळखायचे."

मला कारखान्यात सगळे 'स्टोअर'च म्हणत, जणू मी माणूस नसून खोली आहे. तीस वर्षं मी स्टोअरकीपर होतो. खिडकीतून हत्यार द्यायचं, संध्याकाळी मोजून परत घ्यायचं.

मी हो म्हणालो. बाई गेल्यावर ही आतून म्हणाली, "आता महिनाभर यांचे पाय जमिनीला लागायचे नाहीत."

६ मार्च

पहिली पेटी उघडली. वरच तांब्याचे चार ठोकळे, लोखंडी दांडीवर बसवलेले, मागे लाकडी मूठ. बाईंना वाटलं ठोकायच्या हातोड्या आहेत. म्हटलं, हे सोल्डरिंग आयर्नचे आजोबा. वीज नव्हती तेव्हा भट्टीत तापवायचे आणि निवायच्या आत डाख देऊन मोकळं व्हायचं. चार का, तर एक हातात, तीन विस्तवात.

मग विजेचे निघाले. वायरला कापडी वेष्टण असेल तर जुना. स्क्रूच्या डोक्यावर एकच खाच असेल तर जुना, फुली असेल तर नंतरचा. नळीच्या आत अभ्रकावर गुंडाळलेली तार असते, ती जळली की आयर्न मेला. आमचा नंबर मुठीपुढच्या पितळी कड्यावर ठोकलेला असतो. बाई सगळं लिहून घेत होत्या. मध्येच म्हणाल्या, "काका, तुम्ही शिकवायला हवं होतं." घरी येताना दोन स्टॉप चालत आलो.

१० मार्च

दुसरी पेटी संपली. गिरमिटं, पत्र्याच्या कात्र्या, एक ब्लो लॅम्प, तीन कॅलिपर. कॅलिपरचं एक टोक वाकलेलं होतं. कोणी वाकवलं तेही मला आठवतंय.

बाई तिसरी पेटी ओढायला लागल्या. म्हटलं, राहू द्या, तिच्यात फुटकळ आहे, अगदी शेवटी बघू. आधी झालेल्या हत्यारांच्या चिठ्ठ्या नीट करू.

१३ मार्च

मी पोचायच्या आतच बाईंनी तिसरी पेटी उपसून टेबलावर मांडलेली. फुटकळच होतं. जुने फ्यूज, कानशींच्या मुठी. तळाशी कागदात गुंडाळलेला एक आयर्न.

"काका, ही गंमत बघा. हा सतरा नंबर. आणि पहिल्या पेटीतही एक सतरा आहे. दोन सतरा कसे?"

मी म्हटलं, एखादा बाद झाला की त्याचा नंबर दुसऱ्याला देतात. होतं असं.

तळातल्या सतराला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती, मळकी. ती सोडवून मी खिशात टाकली. संग्रहात कचरा नको.

१४ मार्च

गेलो नाही. गुडघा दुखतोय.

१७ मार्च

बाईंचा फोन आला म्हणून गेलो. त्यांनी दोन्ही सतरा फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले होते.

"आता मी ओळखते हं, काका. तुम्ही सांगा बरोबर की चूक." परीक्षा मी घेत असतो, आज उलटं झालं. "हा तळातला कारखान्याच्याच बाकीच्या आयर्नसारखा आहे. मूठ मशीनवर कातलेली, बाकीच्या एकोणीस मुठींशी जुळते. हा दुसरा मात्र त्यांच्यातला नाही. मूठ हाताने केलेली, जरा लंबगोल. आणि इथे बघा, अंगठ्याची खळी पडलीय. केवढी खोल. तुमच्याकडे रोज वेगळ्या हातात आयर्न जायचा ना? मग एकाच अंगठ्याची खळी पडेल कशी? हा वर्षानुवर्षं एकाच माणसाने वापरलाय."

मी बरोबर म्हणालो.

"आणि हा घासल्यासारखा पट्टा. आधी वाटलं कोणी कानस मारून काहीतरी पुसलंय. पण भिंगातून बघा, दोन्ही टोकांना बारीक भोकं आहेत. रिबिटांची. इथे कंपनीची पट्टी होती, ती गळून पडली. नंबर नव्हताच इथे कधी. आमच्या ओळखीचे एक संग्राहक आहेत, त्यांना फोटो पाठवले. ते म्हणाले, हा तुमच्या बाकीच्यांपेक्षा वीस-पंचवीस वर्षं जुना, कल्हईवाले, कंदील दुरुस्त करणारे असे सुटे कारागीर घ्यायचे. कारखान्यात हा आला कसा, काका?"

मी भिंगातून पाहिलं. भोकं होती. दोन, राईएवढी. एकतीस वर्षांपूर्वी माझ्याकडे भिंग होतं. टेबलाच्या खणात होतं.

म्हटलं, आठवत नाही.

१८ मार्च

हिने शर्ट धुवायला घेताना खिशातून ती चिठ्ठी काढली आणि चष्मा लावून वाचली. मी पेपर वाचत होतो.

"तुमची सही आहे हिच्यावर."

मी म्हटलं, असेल.

"'सतरा नंबर, तार नवीन भरून परत.' आणि तारीख." तिने चिठ्ठी उजेडात धरली. "मुलगा होण्याच्या आदल्या महिन्यातली. तेव्हा तुम्ही आठवडाभर धड जेवला नव्हता. मी विचारलं तर म्हणालात, पित्त झालंय."

चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून ती कपडे वाळत घालायला गेली. मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. इथे लिहितो. निदान इथे तरी.

त्या वर्षी मॅनेजरने मला बजावलं होतं की पुन्हा मोजणीत एक जरी हत्यार कमी आलं तर दुसरीकडे काम बघा. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर हिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. आणि मोजणीत सतरा नंबर नव्हता. सगळं स्टोअर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी फाटकावर पिशव्या तपासल्या तर बारीकरावांच्या पिशवीत आयर्न निघाला.

बारीकराव आमचे मीटर जोडणारे. अंगाने बारीक आणि कामही बारीक. केसाएवढी तार डाखायची असली की सगळे त्यांच्याकडे जायचे. ते म्हणाले, हा माझ्या वडिलांचा आहे, ते कंदील दुरुस्त करायचे, कारखान्यातला माझ्या हाताला बसत नाही म्हणून महिनाभर घरचा आणतोय. मॅनेजरने मला बोलावलं. मी आयर्न हातात घेतला. अर्धं मिनिट. घासलेला पट्टा दिसला. म्हटलं, नंबर कानशीने उडवलाय, हा आपलाच. तीस वर्षांत माझं ओळखणं कोणी खोटं ठरवलं नाही, त्या दिवशीही नाही.

त्यांना त्याच संध्याकाळी काढलं. दुसऱ्या दिवशी मी त्या आयर्नवर माझ्या हाताने सतरा ठोकला.

दोन महिन्यांनी बाहेरचा दुरुस्तीवाला खिडकीत आला आणि तार भरून आणलेला सतरा नंबर पुढे केला. मीच दिला होता त्याला, लिहायचं विसरलो होतो. मी सही केली. तो गेल्यावर आयर्न कागदात गुंडाळला आणि सगळ्यात कमी उघडतो त्या पेटीच्या तळाशी ठेवला. फेकून का दिला नाही, कोणास ठाऊक. स्टोअरकीपर काही फेकत नाही.

मॅनेजरकडे जाणार होतो. मुलगा झाला की जाऊ म्हटलं. मग बारसं झालं की. मग मॅनेजर बदलला.

२१ मार्च

बारीकरावांचा पत्ता मिळवणं इतकं सोपं निघेल असं वाटलं नव्हतं. जुन्या लेथवाल्याला फोन केला, तो लगेच म्हणाला, "त्यांची मुलगी मिक्सर, मोबाईल दुरुस्त करते, टपाल कचेरीच्या मागे. तिथेच बसतात ते." माझ्या घरापासून वीस मिनिटं. एकतीस वर्षं मी त्या रस्त्याने कधी गेलो नाही. आजवर वाटायचं, काम पडलं नाही म्हणून.

हिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "रिकाम्या हाताने जाऊ नका," म्हणाली. "त्यांची वस्तू घेऊन जा."

२४ मार्च

आज मी चोरी केली.

आयर्न शाळेच्या मालकीचा झालाय. मागायचा तर कारण सांगावं लागणार, बाईंना. त्या मला काका म्हणतात, माझं बोलणं लिहून घेतात. म्हटलं, आयर्न गुपचूप नेऊन द्यावा, ज्याचं त्याला मिळालं म्हणजे झालं. बाई तासावर गेल्या तेव्हा तो फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला. वर केळी ठेवली.

फाटकावर पहारेकरी बाकीच्यांच्या पिशव्या बघत होता. मी पिशवी पुढे केली तर हसला. "काका, तुमची काय बघायची? या."

२५ मार्च

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. मुलगी पुढे काउंटरवर, पस्तिशीची, कपाळावर चष्मा चढवलेला. मागे खिडकीखाली बारीकराव, डोळ्याला भिंग, हातात घड्याळाएवढं काहीतरी. केस पांढरे झालेत. हात अजिबात हलत नाही.

मला बघून त्यांनी भिंग काढलं. "स्टोअर," म्हणाले. "बसा."

मी बसलो नाही. घरून जुळवून आणलेली वाक्यं होती, ती सगळी गळाली. पिशवीतून फडकं काढून टेबलावर उलगडलं आणि म्हटलं, "हा तुमच्या वडिलांचा आहे. माझी चूक झाली होती."

त्यांनी आयर्नला हात लावला नाही. "चूक? कधी कळलं तुम्हाला?"

परवा कळलं, असं म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं.

"दोन महिन्यांनी," म्हटलं. "खरा सतरा परत आला तेव्हा."

"मला त्याच आठवड्यात कळलं. दुरुस्तीवाला माझ्या ओळखीचा होता. मला म्हणाला, अहो, सतरा नंबर तर माझ्याकडे होता, आजच देऊन आलो. म्हटलं, झालं. आता स्टोअर येतील." ते शांतपणे सांगत होते, जसं दुसऱ्या कोणाचं सांगावं. "दोन वर्षं वाट बघितली. दारात कोणी आलं की बायको म्हणायची, आले वाटतं. मग तिने म्हणायचं सोडलं."

"तुम्ही का नाही आलात? मॅनेजरकडे जायचं, सांगायचं…"

"चोर म्हणून बाहेर काढलेल्या माणसाला फाटकातून आत कोण घेतो?"

मुलीने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला होता. तिला हे सगळं माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मला वाटलं होतं, मी बातमी आणलीय.

बारीकरावांनी आता आयर्नकडे नीट पाहिलं. कड्यावरच्या सतरावर बोट ठेवलं. "हा आता आहे कोणाचा? कारखाना तर बंद झाला."

"तंत्रशाळेचा. प्रदर्शनात मांडणार होते."

"मग त्यांनी दिला तुम्हाला?"

मी फडक्याचं टोक सारखं केलं.

"कागद आहे?"

"नाही."

"चोरून आणलात?"

मुलगी हसली. चांगलं हसू नव्हतं ते. बारीकराव हसले नाहीत. त्यांनी फडक्याची चारही टोकं आयर्नवर घातली आणि गाठोडं माझ्याकडे सरकवलं.

"परत ठेवा. माझ्या पिशवीत एकदा सापडलाय, पुन्हा नको. माझा आहे असं लिहून, सही-शिक्का करून द्या, मग मी येऊन नेईन. आणि कोणाची चूक तेही लिहा. नुसतं 'चुकीने' नको. चूक काही आभाळातून पडत नाही."

२७ मार्च

बाईंना सांगितलं. तास संपल्यावर, वर्कशॉपमध्ये, उभ्यानेच. गाठोडं आधी टेबलावर ठेवलं, मग बोललो, नाहीतर बोललो नसतो. चिठ्ठीही दिली.

त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात आठवत नाही. तेव्हा आठवत होतं?"

"हो."

"आणि हा तीन दिवस इथे नव्हता. मी शिपायांना विचारत होते. दोघांची मी उगाच झाडाझडती घेतली."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खरंच नव्हतं आलं. मी म्हटलं, मी त्यांची माफी मागतो. बाई म्हणाल्या, "मी मागेन. संशय मी घेतला." मग म्हणाल्या, "प्राचार्यांकडे चला." काका म्हणाल्या नाहीत.

प्राचार्य घाईत होते. "अहो, एवढ्या वर्षांचं काय उकरताय? त्यांना न्यायचा तर न्या म्हणावं, एक आयर्न. कागद कशाला? शाळेचं नाव नको यात." मी म्हटलं, शाळेचं नाव नाही, माझं नाव लिहायचंय. त्यांना ते समजलं नाही. उद्या या म्हणाले.

१ एप्रिल

चार दिवस उद्या या चाललंय. पूर्वी मी लोकांना खिडकीतून असंच सांगायचो.

आज मीच कागद लिहून नेला. चार ओळी. पाच वेळा लिहिला. पहिल्यात 'गैरसमजातून' लिहिलं होतं, खोडलं. दुसऱ्यात 'कामाच्या दडपणाखाली', तेही खोडलं. शेवटी हिने वाचला आणि म्हणाली, "हा 'दुर्दैवाने' कोणासाठी आहे?" तोही काढला.

राहिलं ते असं: हा आयर्न मूळचा अमुक यांचा. तो कारखान्याचा असल्याचं मी खोटं सांगितलं. खरा सतरा नंबर दोन महिन्यांत माझ्या हाती आला, तरी मी ते लपवलं. त्यामुळे त्यांची नोकरी गेली. खाली माझी सही.

बाईंनी तो वाचला आणि स्वतः प्राचार्यांकडे नेऊन शिक्का मारून आणला. काय बोलल्या माहीत नाही, आतून आवाज बराच येत होता.

५ एप्रिल

बारीकराव आणि त्यांची मुलगी आज अकराला आले. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी कोपऱ्यात उभा राहिलो.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग मुलीने वाचला. नंतर ते बाईंशी बोलत बसले, तास-दीड तास. मूठ त्यांच्या वडिलांनी मोडलेल्या खाटेच्या पायातून कातली होती. लंबगोल का, तर वडिलांची दोन बोटं वाकायची नाहीत. पट्टी पडली ती एका दुपारी कंदिलावर काम करताना, आणि लहान बारीकरावांनी ती शोधायला सगळं अंगण झाडलं होतं. बाई भराभर लिहीत होत्या. मी ओळखतो, ओळखतो म्हणून ज्या वस्तूवर नंबर ठोकला तिच्याबद्दल मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

बाईंनी विचारलं, प्रदर्शनापुरता ठेवाल का? ते म्हणाले, नाही. घरी वापरायचाय.

जाताना ते माझ्यापाशी थांबले नाहीत. मुलगी थांबली. म्हणाली, "बाबांनी सांगायला सांगितलंय, कागद मिळाला. आता दुकानात येत जाऊ नका."

मी बरं म्हणालो.

घरी आल्यावर हिने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

९ एप्रिल

प्रदर्शन उद्या उघडतंय. माझ्या चिठ्ठ्या लावल्यात, माझं नाव मी काढायला सांगितलं. तळातला सतरा एकटाच मांडलाय.

रविवार, म्हणून दुपारी मुलाचा फोन. एरवी हवापाण्याचं बोलून दोन मिनिटांत मी तो हिच्याकडे देतो. आज दिला नाही. सगळं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "तू व्हायचा होतास रे तेव्हा. नोकरी गेली असती तर… तुझ्यासाठीच झालं ते सगळं." हे वाक्य मी एकतीस वर्षं स्वतःला ऐकवत आलोय, त्याला पहिल्यांदाच ऐकवलं.

मग त्याने विचारलं, "बाबा, त्यांची मुलगी तेव्हा केवढी होती?"

मी म्हटलं, "चार वर्षांची."

त्याने फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही. ही दारात येऊन उभी राहिली, तरी ठेवला नाही.